घरातले पाच काटकोन

९ जानेवारी

बिट्टीच्या आईस,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. भूमितीत वीसपैकी तीन गुण मिळाले हे बिट्टीनेच तुला फोनवर सांगितलं असणार, कारण मी सांगितलं नव्हतं. तू लिहितेस, वार्षिक परीक्षेत ती भूमितीत पास झाली तर राहू दे माझ्याकडे. नाही झाली तर सुट्टी लागली की तिला कायमची तुझ्याकडे, तुझ्या माहेरी पाठवायची. तुझा दादा मास्तर आहे, तो शिकवेल. बरं. मला मान्य आहे. मान्य नाही म्हणायला माझ्याकडे काही मुद्दा नव्हता.

फोन करू नकोस, लिहून कळव, असंही म्हणतेस. फोनवर मी गप्प बसतो आणि ते तुला ऐकवत नाही. हेही खरंच आहे. कागदावर गप्प बसलो तर कागद कोरा दिसेल, म्हणून काहीतरी लिहावं लागेल.

तर अभ्यास सुरू केला आहे. मी सहाला घरी येतो, हात धुतो, नखांतलं सिमेंट निघेल तेवढं काढतो आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. पहिला धडा रेषांचा. रेषाखंडाला दोन टोकं, किरणाला एक आणि रेषेला एकही नाही, असं पुस्तकात आहे. वीस वर्षं मी फरशा बसवतोय, बिनटोकाची रेषा मला कुठे भेटली नाही. दोरी धरायची तर दोन्हीकडे खिळा लागतोच.

बिट्टीने विचारलं, "बाबा, टोक नाही तर मग ती जाते कुठे?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? पुस्तकवाल्यांना विचार."

"असं लिहू पेपरात?"

"नको."

हसली थोडी. चौथीतली मुलं एवढी कमी हसतात का, मला कल्पना नाही. पूर्वी हे तू बघायचीस.

पत्राच्या शेवटी तू परत तेच वाक्य लिहिलंयस. बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं, त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि मी संध्याकाळी पोचलो. का म्हणून विचारलंस तर म्हणालो, माल कालवलेला होता. सिमेंटचा माल कालवला की तो संपवावा लागतो, नाहीतर घमेल्यातच दगड होतो. तू म्हणतेस, दगड घमेल्यात नव्हता झाला. यावर मला आज काही लिहायचं नाही.

बिट्टीचा बाबा


१८ जानेवारी

बिट्टीच्या आईस,

एक घोळ झाला आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

गृहपाठ होता, 'घरातील पाच काटकोन शोधा व लिहा.' मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, हे तरी आपल्या हातचं आहे. तिला म्हटलं, नुसतं बघून काटकोन ठरत नाही, डोळा फसवतो. आम्ही खोलीचा गुण्या, म्हणजे कोपरा काटकोनात आहे का ते, कसा बघतो ते दाखवलं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करायची, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट आलं तर काटकोन. कमी आलं तर कोपरा मिटलेला, जास्त आलं तर फाकलेला. तिला ते फार आवडलं. खडू घेऊन तीच खुणा करत होती. टेप धरायला मी.

स्वयंपाकघराचा कोपरा निघाला पाच फूट दीड इंच. समोरचा चार फूट अकरा. बाहेरच्या खोलीतले चारही कोपरे कामातून गेलेले. मग दार घेतलं. ते बिजागरीपाशी खचलंय, तुला माहीतच आहे. खिडकीची चौकट फुगलेली. टेबलाला तू चिठ्ठी दुमडून पाचर लावली होतीस ती अजून आहे, तेव्हा टेबलही बाद. फरशी काटकोनात असते, पण आपल्या घरात फरशी कुठे आहे? कोबा आहे. फरशीवाल्याच्या घरी कोबा, यावर तू किती वेळा बोलली असशील.

आतली खोली राहिली होती. ती म्हणाली, "तिथे असेल." मी म्हटलं, तिथेही नाही. ती खोली बंदच असते. बिट्टीचे कपडे आणि दप्तर मी बाहेर आणून ठेवलंय.

मग तिने वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आमच्या घरात एकही काटकोन नाही. बाबांनी टेपने मोजले.'

बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं आहे, 'पालकांनी येऊन भेटावे.'

बिट्टीचा बाबा


१ फेब्रुवारी

बिट्टीच्या आईस,

शाळेत जाऊन आलो. अर्धा दिवस खाडा केला. ठेकेदार कुरकुरला, पण शाळेचं नाव काढल्यावर त्याला काही बोलता येईना.

बाई तरुण आहेत. छोट्या बाकावर मला बसवलं, गुडघे हनुवटीला लागत होते. मी तीन-चार-पाचचं सगळं समजावून सांगितलं. घराचे कोपरे खरंच काटकोनात नाहीत, हवं तर येऊन मोजा, असंही म्हणालो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग बिट्टीची वही उचलून माझ्यापुढे धरली.

"आणि हे काय आहे?"

"वही."

"तिचे कोपरे किती?"

वहीला चार कोपरे होते आणि चारही काटकोन होते. त्याच वहीत ती लिहीत होती, की घरात एकही काटकोन नाही. मी शेजारी बसून बघत होतो. आम्ही दोघंही भिंती मोजत घरभर फिरलो आणि हातातली वही दोघांनाही दिसली नाही. माझी चांगलीच जिरली. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

दुसरंही एक दाखवलं. सहा फूट बाय चार फूट जागेत एक फुटाच्या किती फरशा लागतील? बिट्टीने उत्तर लिहिलंय सत्तावीस. बाईंनी तिला विचारलं होतं, चोवीसच्या सत्तावीस कुठून झाल्या? ही म्हणाली, "तीन तुटफुटीच्या. बाबा म्हणतो, तुटफूट धरावीच लागते."

"गणितात तुटफूट नसते," बाई मला म्हणाल्या. मी मान डोलावली. घरी येऊन तिला सांगितलं, यापुढे परीक्षेत काही तुटत नाही असं समजायचं. ती म्हणाली, "मग सोपंय."

त्यानंतर शिकवायची पद्धत बदलली. मी आधी तिच्याच पुस्तकातला धडा वाचतो, दुपारी डबा खाताना. कामावरचे लोक म्हणतात, मिस्त्री आता चौथी पास होणार. परवा परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक दोघांनाही एकदम समजला. परिमिती म्हणजे कडेची पट्टी, क्षेत्रफळ म्हणजे आतली फरशी. मी आयुष्यभर दोन्ही बसवतोय, त्यांना नावं आहेत हे आता कळलं.

ती खाते, झोपते, शाळेत जाते. तुझ्याबद्दल विचारत नाही. मी याचा अर्थ असा घेतला की तिचं बरं चाललंय.

बिट्टीचा बाबा


१६ फेब्रुवारी

बिट्टीच्या आईस,

आज बिट्टीने आतल्या खोलीचं दार उघडलं. मी चहा ठेवत होतो. येऊन बघतो तर ही खडू आणि टेप घेऊन उकिडवी बसलेली. म्हणाली, "बाबा, इथलं मोजलंच नव्हतं. न मोजता तू नाही म्हणालास."

खरं होतं. मग मोजायला बसलो. कोपऱ्यात पाळणा होता, तो सरकवावा लागला. फार हलका निघाला. तीन फुटांवर तिने खूण केली, चार फुटांवर मी. तिरपं आलं पाच फूट एक इंच. तिथेही नव्हता. मी बरोबरच होतो.

ती बाहेर गेली. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नऊ महिन्यांत आलेलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं आहे ते. दुखत नाही, पण खाल्लेलंही कळत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं, पण कसं सांगायचं ते माहीत नव्हतं. आज बसलोच आहे तर दुसरंही सांगतो.

माल कालवलेला नव्हता.

फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आम्ही एका दिवाणखान्यात दोरी लावत होतो. नर्सने सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. मग मी माल कालवला. फोन आल्यानंतर. वाळू चाळलेली होती, पोतं फोडलं, पाणी घातलं. कोणाला काही सांगितलं नाही. कालवलेला माल संपवावा लागतो, एवढं एकच मला त्या वेळी पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत अख्खा दिवाणखाना बसवला आणि मग दवाखान्यात आलो.

ती फरशी सगळी वाकडी गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार बोटं फरक. वीस वर्षांत माझी एक ओळ कोणी काढायला लावली नव्हती. ठेकेदाराने पुढच्या आठवड्यात ती सगळी उखडली. मला म्हणाला, "अरे, तुझा हात आहे का हा?" मी त्यालाही कारण सांगितलं नाही.

तू म्हणालीस ते खरं आहे, मी यायला हवं होतं. फक्त मी तिथे काम करत होतो असं समजू नकोस. मी काय करत होतो ते मला अजून सांगता येत नाही.

परीक्षा चार मार्चला आहे. बिट्टीला आता वर्तुळ येतं. खिळा आणि दोरी घेऊन तिने कोब्यावर एवढं मोठं काढलं की आम्ही दोघं त्यात बसून जेवलो.

बिट्टीचा बाबा


८ मार्च

बिट्टीच्या आईस,

तुझी एक ओळ मिळाली. 'हे तेव्हा का नाही सांगितलंस?' तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

परीक्षा पुढे गेली आहे. शाळेत रंगकाम निघालंय म्हणे. नवी तारीख कळली की कळवतो. अभ्यास चालू आहे. तिची तब्येत चांगली आहे.

बिट्टीचा बाबा


२१ मार्च

बिट्टीच्या आईस,

शाळेत रंगकाम वगैरे काही नाही. परीक्षा चार तारखेलाच झाली. सहा तारखेला बाईंनी मला बोलावलं, म्हणजे मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. खोटं लिहिलं. तुझा राग आधीच एवढा आहे, त्यात हेही घाल.

तिला वीसपैकी चार पडले.

बाईंनी पेपर माझ्यासमोर ठेवला. पहिला प्रश्न सोडून बाकीचे सगळे कोरे दिसत होते. त्या म्हणाल्या, "कोरे नाहीत. उजेडाकडे धरा." मी खिडकीशी गेलो. कागदावर पेन्सिलीचे वळ होते. ती पेन्सिल दाबून लिहिते, तू नेहमी ओरडायचीस. काटकोन त्रिकोण होता, एक बाजू तीन, एक चार आणि तिरपी पाच. वर्तुळ होतं, त्रिज्या दाखवलेली. सहा बाय चारचं उत्तर होतं, चोवीस. सगळं बरोबर काढलं होतं आणि सगळं खोडरबराने पुसून टाकलं होतं. मी बोट फिरवून पाहिलं. वर्तुळाच्या मधोमध कर्कटकाच्या टोकाचं भोक होतं, ते तेवढं खोडता आलं नव्हतं.

"खोडलेल्याला मला गुण देता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण हिला येत होतं. मग असं का केलं असेल?"

मी म्हटलं, विचारतो. पण पंधरा दिवस विचारलं नाही. मला उत्तर साधारण ठाऊक होतं आणि ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तेवढे दिवस आम्ही रोज सहाला टेबलाशी बसत होतो आणि पुढच्या वर्षाचं पुस्तक आणून कोनमापक शिकत होतो. तीही काही बोलली नाही. आपली मुलगी गप्प बसायला माझ्याकडून शिकली असणार.

काल विचारलं. कोन मोजत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या डब्याच्या पिशवीत आईचं पत्र होतं. मी वाचलं."

"मग?"

"पास झाले की इथेच राहायचं असं आहे ना त्यात."

"तुला इथे राहायचं नाही का?"

तिने कोनमापक खाली ठेवलं. "मला आईला बघायचंय, बाबा. रोजच. पण मी जाते म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, मी तुला सोडून चालले. नापास झाले तर कोणाला काही म्हणायला लागणार नव्हतं. आपोआपच झालं असतं."

मी विचारलं, "मग आधी सगळं बरोबर कशाला काढलंस?"

"तू शिकवलं होतंस ना. एकदा तरी काढायलाच हवं होतं."

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला. गालाचं इंजेक्शन उतरतं तेव्हा आधी मुंग्या येतात, मग एकदम ठणका लागतो. मला ठणका लागला. नळ चालू होता म्हणून तिला ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चाललोय.

तिला तुझी गरज आहे हे मला दिसायला हवं होतं. ती विचारत नाही म्हणजे तिचं बरं चाललंय, असं मी तुला लिहिलं होतं. मी विचारत नव्हतो तेव्हा माझंही काही बरं चाललेलं नव्हतं.

तर अटीचा निकाल तुझ्या बाजूने लागला. तुझ्या दादाला एवढं सांग, भूमिती पहिल्यापासून शिकवायची गरज नाही. तिला सगळी येते. पेपर मी बाईंकडून मागून घेतलाय, तिच्या दप्तरात ठेवतो. उजेडाकडे धरून बघा.

बिट्टीचा बाबा


२४ मार्च

बिट्टीच्या आईस,

रविवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन येतो, दुपारी बारापर्यंत पोचू. सामान दोन पिशव्या आणि दप्तर. लोकरीची टोपी तिला आता लहान होते, पण सोडत नाही म्हणून घेतली आहे. शाळेचा दाखला मिळाला. बाईंनी तिला एक नवी कंपासपेटी दिली आणि मला हात जोडून नमस्कार केला. मला काय करावं ते सुचेना, मीही केला.

मी दारापर्यंतच येईन. तू आत बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर परतीची गाडी दोनला आहे. कसंही चालेल. तुला ते आधी ठरवून ठेवायला नको.

एक गोष्ट मात्र लिहून कळवायला हवी, कारण तेव्हा बोलता येणार नाही. दार उघडून तू समोर दिसलीस की ती लगेच तुझ्याकडे धावणार नाही. आधी वळून माझ्याकडे बघेल. मी तिला ओळखतो, ती बघणारच. त्या वेळी माझा चेहरा रडका दिसला तर ती जाणार नाही, आणि काहीच दिसलं नाही तरी जाणार नाही. म्हणून मी हसायचं ठरवलंय. दोन दिवस दाढी करताना आरशात सराव करतोय. आज बिट्टीने मागून पाहिलं.

म्हणाली, "बाबा, दात दुखतोय का?"

तर रविवारी माझं तोंड तसं दिसलं, तर तू तेवढं तिला सांग. बाबा हसतोय म्हणावं.

बिट्टीचा बाबा